तेरीज जुळल्यावर

माझे वडील, आमचे अण्णा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात छत्तीस वर्षं दिवाणजी होते. महिनाअखेर आली की ते वह्या घरी आणायचे. जेवणं आटोपल्यावर बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरायची, लाल कापडाच्या बांधणीची ती लांबट वही उघडायची आणि खतावणीतल्या एकेका खात्याची बाकी कागदावर उतरवत तेरीज काढायची, हा त्यांचा शिरस्ता. आकड्यांच्या उभ्या ओळीवरून त्यांचं बोट खाली सरकत जायचं आणि तळाशी पोचेपर्यंत बेरीज तयार असायची. बोटांच्या पेरांत हळद कायमची मुरलेली होती, त्यामुळे वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर पिवळा ठसा असे. जमा आणि नावे, दोन्ही बाजूंच्या बेरजा एक झाल्या की ते पेनाला टोपण लावायचे. वही मात्र मिटायचे नाहीत. पुढे तासभर पानं मागे-पुढे करत बसायचे.

आतून आई विचारायची, "जुळलं का?"

"जुळलं."

"मग झोपा की आता."

"जुळलं गं. खरं आहे का ते बघतोय."

लहानपणी मला हे दोन्ही एकच वाटायचं. जुळलं म्हणजे खरं. पुढे बी.कॉम., एम.कॉम. झालं, सांगलीतच एका कर सल्लागाराकडे चार वर्षं काम केलं, तरी तसंच वाटत राहिलं. फरक कळला तो न्यू जर्सीत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, सीपीएच्या परीक्षेत एकदा नापास झाल्यावर.

लग्नानंतर २०१३ साली मी एडिसनला आले. व्हिसा एच-फोर, जोडीदाराचा. या व्हिसावर तेव्हा राहता येई, शिकता येई, नोकरी करता येत नसे. सांगलीत सकाळी दहाला ऑफिसात जाऊन बसणारी मी, इथे सकाळी दहाला खिडकीतून पार्किंग बघत बसायची. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला आणि ग्रीन कार्डच्या रांगेत ठराविक टप्प्यापर्यंत पोचलेल्यांच्या जोडीदारांना काम करायची परवानगी मिळू लागली. आमचा नंबर त्यात बसला. परवानगीचं कार्ड हातात आलं, पण माझी एम.कॉम. इथे कुणाला कळत नव्हती. ओक ट्री रोडवरच्या एका दुकानात हिशेब लिहायचं काम मिळालं. तिथेच येणाऱ्या एका वयस्कर गुजराती सीपीए बाईंनी माझ्या खतावण्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "तू परीक्षा का देत नाहीस?"

सीपीए म्हणजे सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट. परीक्षा साऱ्या अमेरिकेत एकच, परवाना मात्र ज्या-त्या राज्याचा, आणि अटीही ज्या-त्या राज्याच्या. परवान्यासाठी तेव्हा दीडशे क्रेडिटचं शिक्षण लागे. आपली पदवी तीन वर्षांची, इथली चार वर्षांची, म्हणून आधी गुणपत्रिका मूल्यमापनाला पाठवायच्या. शिवाजी विद्यापीठातून सीलबंद पाकिटं मागवायला माझा भाऊ सांगलीहून कोल्हापूरला तीन खेपा घालून आला. अमेरिकेचा व्यापारी कायदा आणि इथला आयकर मी शिकले नव्हते, म्हणून कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग केले. वर्गात माझ्या शेजारी एकोणीस वर्षांची मुलं बसायची. घरी चार वर्षांची मुलगी. नवरा कामावरून आला की मी निघायची. दारातच तिला एकमेकांच्या हाती सोपवत आम्ही दीड वर्ष काढलं.

या परवान्याचा इतिहास मी तेव्हा वाचला आणि त्यातली एक बाई मनात घर करून राहिली. 'सीपीए' ही पदवी कायद्यानं पहिल्यांदा दिली ती न्यूयॉर्क राज्यानं, १८९६ च्या एप्रिलमध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात पहिली परीक्षा झाली. १८९८ साली क्रिस्टीन रॉस नावाची बाई त्या परीक्षेला बसली. ती मूळची कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाची. चांगल्या गुणांनी पास झाली, पण बाईमाणसाला हे प्रमाणपत्र द्यायचं की नाही यावर अधिकारी मंडळींचा निर्णय होईना. शेवटी १८९९ च्या डिसेंबरात तिला प्रमाणपत्र मिळालं, क्रमांक १४३. पास झाल्यावरचा तो सगळा काळ ती काय करत असेल, असा विचार माझ्या मनात येई. लोकांचे हिशेबच तपासत असणार. दुसऱ्या गावाहून आलेली, हातात कौशल्य असलेली आणि कागदाची वाट बघणारी. तिच्या वेळेपेक्षा माझी वेळ पुष्कळ सोपी होती, पण वाट बघणं कसं असतं ते मला कळत होतं.

मी परीक्षा दिली तेव्हा चार पेपर असत, प्रत्येक चार तासांचा. मुलं त्यांना आद्याक्षरांनीच ओळखत: ऑड म्हणजे हिशेबतपासणी, बेक म्हणजे व्यवसायाचं भोवतालचं सगळं, रेग म्हणजे कर आणि कायदा, आणि फार म्हणजे वित्तीय लेखाकर्म. या शेवटच्याचं नाव मराठी माणसाला लगेच पटतं. धंदेवाईक कंपन्या, धर्मादाय संस्था, नगरपालिका, सगळ्यांच्या हिशेबपद्धती त्या एकाच पेपरात. प्रत्येक पेपरात पंचाहत्तर गुण हवेत. ते शंभरातले पंचाहत्तर नव्हेत. प्रश्न किती अवघड होते त्याचं वजन धरून काढलेला तो आकडा असतो. एक पेपर सुटला की घड्याळ सुरू होई: पुढल्या अठरा महिन्यांत उरलेले तीन सुटले नाहीत, तर पहिल्या पेपरचं यश रद्द. ही मुदत आता बऱ्याच राज्यांनी वाढवून तीस महिने केली आहे. २०२४ पासून पेपरांची रचनाही बदलली, तीन सक्तीचे आणि चौथा आपल्या आवडीचा. परीक्षेची केंद्रं आता भारतातही आहेत, पुण्या-मुंबईची कितीतरी मुलं घरी राहून सीपीए होतात. त्यांच्या आयांना सीलबंद पाकिटांची काळजी असेलच, पण निदान सात समुद्र मध्ये नाहीत.

माझा अभ्यास पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ओट्यावरचा एकच दिवा लावून. त्या वेळी सांगलीत दुपारचे दोन वाजलेले असत. अण्णा जेवून आडवे व्हायच्या आधी फोन करायचे.

"उठलीस?"

"उठले."

"आज काय आहे?"

मी सांगायची: आज भाडेपट्ट्यांचे हिशेब, आज घसारा, आज नगरपालिकेचे फंड. त्यांना त्यातल्या नावांपेक्षा पद्धतीत रस असे. आपल्या देशी नाम्यात डावी बाजू जमेची आणि उजवी नाव्याची. इंग्रजी पद्धतीत नेमकं उलट. मी कॉलेजात असताना हे त्यांना पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा ते वहीचं पान आरशासमोर धरून बघत बसले होते. त्यामुळे ते फोनवर विचारायचे, "अजून डावीकडेच लिहितात का नावे?" मी हो म्हणायची. त्यांना सांगितलं, की या परीक्षेत १९९४ पर्यंत कॅल्क्युलेटरसुद्धा नेऊ देत नसत, सगळ्या बेरजा हातानं. तेव्हा ते म्हणाले, "मग तेव्हा मला बसता आलं असतं." हे ते मनापासून म्हणाले. आणि मला वाटतं, ते पास झाले असते.

मी पहिला पेपर 'फार' निवडला. सगळ्यात अवघड तो आधी उरकावा, असा सल्ला सगळेच देतात. पाच महिने अभ्यास केला. हजारो प्रश्न सोडवले. शेवटी शेवटी तर प्रश्नाचा पहिला शब्द वाचला की नोंद हातात यायची: हे नावे, ते जमा, दोन्ही बाजू सारख्या, पुढचा प्रश्न.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये परीक्षाकेंद्रात गेले. घड्याळ, पाकीट, फोन सगळं लॉकरमध्ये. खिसे उलटे करून दाखवायचे, बाह्या वर करायच्या, चष्मा काढून तपासायला द्यायचा. मग बोटाचा ठसा. काचेवर बोट टेकवताना मला अण्णांच्या वहीचे ते पिवळे कोपरे आठवले. आत रफ कामाला कागद मिळत नाही. पुसता येणाऱ्या दोन पाट्या आणि एक बारीक टोकाचं मार्कर देतात. प्रश्नांचे पाच गठ्ठे. पहिले दोन पर्यायांचे, पुढचे तीन मोठ्या उदाहरणांचे. तिसऱ्या गठ्ठ्यानंतर पंधरा मिनिटं बाहेर जाता येतं. त्या पंधरा मिनिटांत मी डब्यातला मेतकूट-भात खाल्ला आणि पेपर बरा चालला आहे असं स्वतःला सांगितलं.

काही दिवसांनी निकाल लागला. चौऱ्याहत्तर.

त्या रात्री मी कुणाशीच बोलले नाही. एका गुणाचं दुःख आहे की पाच महिन्यांच्या पहाटांचं, हेच कळेना. निकालासोबत एक पान येतं. कुठल्या भागात तुम्ही काठावर पास झालेल्यांपेक्षा कच्चे आहात, कुठे त्यांच्या बरोबरीचे, कुठे सरस, एवढंच त्यावर असतं. पर्यायांच्या प्रश्नांत मी सरस होते. मोठ्या उदाहरणांत कच्ची. ही उदाहरणं कशी असतात ते सांगायला हवं. पडद्यावर सात-आठ कागद उघडतात: एक करार, दोन ई-मेल, एखादं बिल, बँकेचं पत्र, गोदामाची पावती. त्यातलं काही उपयोगाचं, काही नाही. एखाद्या कागदाचं दुसऱ्याशी पटत नाही. तुम्ही ठरवायचं, झालं काय होतं, आणि मग नोंद करायची. माझ्या नोंदी सगळ्या जुळत होत्या. मी नोंदी जुळवतच आले होते. झालं काय होतं, हे विचारायला मी शिकलेच नव्हते.

'फार' लगेच पुन्हा देता येत नव्हता. परीक्षेची खिडकी बंद झालेली, पुढची उघडायला अवकाश होता. म्हणून मधल्या वेळात हिशेबतपासणीचा पेपर हाती घेतला. आज वाटतं, ते चौऱ्याहत्तर मिळाले नसते तर मी तो पेपरही पाठ करूनच दिला असता.

हिशेबतपासणीच्या पुस्तकात सुरुवातीलाच एक साधी गोष्ट आहे. ताळेबंदात 'शिल्लक माल, इतक्या रकमेचा' अशी एक ओळ छापलेली असते. वाचणाऱ्याला ती एक ओळ. तपासणाऱ्यानं मात्र त्यात पाच विधानं ऐकायची असतात. माल खरोखर आहे. आहे तेवढा सगळा नोंदलेला आहे. तो यांच्याच मालकीचा आहे. लावलेली किंमत योग्य आहे. आणि तो जिथे दाखवायला हवा तिथेच दाखवला आहे. प्रत्येक विधानासाठी पुरावा वेगळा आणि वाटही वेगळी. माल आहे का, हे बघायचं तर वहीतली नोंद धरून गोदामाकडे चालायचं. काही नोंदायचं राहिलं का, हे बघायचं तर गोदामातला माल धरून वहीकडे यायचं. दिशा उलटी झाली, तर दिवसभर तपासूनही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

गोदामाकडे चालत जाण्याचा हा नियम उगाच आलेला नाही. १९३८ साली मॅकेसन अँड रॉबिन्स या औषधांच्या मोठ्या कंपनीत सुमारे एक कोटी नव्वद लाख डॉलरची मालमत्ता नुसती कागदावर असल्याचं उघडकीला आलं. माल नव्हता, येणी नव्हती. पावत्या होत्या, पत्रं होती, नोंदी होत्या, आणि सगळं एकमेकांशी चोख जुळत होतं. तपासनिसांनी गोदामात जाऊन माल पाहायलाच हवा असा नियम तेव्हा नव्हता. पुढल्या वर्षापासून तो आला: माल डोळ्यांनी बघायचा, आणि येणं आहे म्हणतात त्या माणसाला विचारून खात्री करायची.

बघूनही फसता येतं, हे त्यानंतर पंचवीस वर्षांनी बेयॉनला कळलं. बेयॉन आमच्या घरापासून तासाभराच्या आत, बंदराच्या काठी. तिथे टिनो डी अँजेलिस नावाच्या व्यापाऱ्याच्या तेलाच्या टाक्या होत्या. टाक्यांतल्या सॅलड तेलाच्या तारणावर त्यानं कोट्यवधी डॉलरची कर्जं उचलली होती. तपासायला माणसं येत, टाकीवर चढत, वरून माप सोडत. वर तेलच लागे. खाली पाणी होतं. टाक्या एकमेकींना नळांनी जोडलेल्या, त्यामुळे तेच तेल या टाकीतून त्या टाकीत जाऊन पुन्हा मोजलं जाई. १९६३ च्या नोव्हेंबरात हे उघड झालं आणि पंधरा कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. तेल पाण्यावर तरंगतं, हे तर ओट्याशी उभ्या राहणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. तरी एवढे लोक वरवर बघून परत गेले.

ते पान वाचलं त्या पहाटे मी पुस्तक बाजूला ठेवलं. मला हरिपूर दिसायला लागलं होतं.

सांगलीला लागूनच कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या मातीत हळदीची पेवं असत. तोंड अरुंद, आत वीस-पंचवीस फूट खोल विहिरीसारखी पोकळी. तळाला आणि कडेनं पाला घालून हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. त्यात हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. जमिनीवरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, नुसती सपाट माती. खाली किती आहे ते वहीला ठाऊक. पेव उघडलं तरी लगेच कुणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा मोकळी होऊ देतात, दिवा सोडून बघतात, मग माणूस जातो. त्या मातीखालच्या हळदीच्या पावत्यांवर व्यापाऱ्यांना बँका कर्ज द्यायच्या.

२००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी हरिपूरच्या पेवांत शिरलं. मी तेव्हा कॉलेजात होते. पाणी ओसरल्यावर अण्णा सायकल घेऊन एकटेच हरिपूरला गेले. दुकानाची दोन पेवं होती, वहीत पाचशेच्या वर पोती. संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या धोतराला काळपट चिखल होता आणि अंगाला आंबूस वास. हळदीचा असा वास मी त्याआधी कधी घेतला नव्हता. आंघोळ न करता ते तसेच दुकानात गेले, आणि तासाभरात घरी परतले. रात्री आईशी बोलले ते मी ऐकलं. मालक म्हणाले होते, "दिवाणजी, सोमवारी बँकेचे साहेब यायचेत. तोवर आकडा आहे तसा राहू दे." यांनी पेनाला टोपण लावलं, म्हणाले, "मग सोमवारपर्यंत मी रजेवर आहे, शेठ," आणि निघून आले.

ते तीन दिवस अण्णा घरात होते. छत्तीस वर्षांत सणासुदीलासुद्धा सलग तीन दिवस घरी न राहिलेला माणूस. त्यांनी पंखे पुसले, मागच्या दाराची कडी बसवली, तुळशीच्या कुंडीतली माती बदलली. पुढे काय होणार हे आईनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नोकरी गेली असती, तर माझी फी कुठून भरायची हा प्रश्न होता. तो त्या तीन दिवसांत घरातल्या चौघांच्याही मनात होता आणि कुणाच्याही तोंडून आला नाही. सोमवारी दुकानात काय घडलं ते मला आजही ठाऊक नाही. मंगळवारी सकाळी मालकांचा माणूस बोलवायला आला. नंतर कधीतरी मी ते पान पाहिलं. नुकसानीची नोंद तिथे आहे, अण्णांच्याच अक्षरात, पेवं उघडली त्याच तारखेची.

सीपीएच्या पुस्तकातली पाचही विधानं त्या एका नोंदीत होती. अण्णा वहीकडून पेवाकडे चालत गेले होते, पेव उघडून बघितलं होतं, आणि परत येऊन वही खरी केली होती. आकडा तसाच ठेवला असता, तरी तेरीज जुळलीच असती. मला वाटायचं, वडील रात्री बेरजा तपासत बसतात. बेरजा तर त्यांच्या कधीच चुकत नव्हत्या. ते एकेका नोंदीपाशी थांबून स्वतःला विचारत असणार, हे मी पाहिलंय का, की कुणी सांगितलं म्हणून लिहिलंय.

नोव्हेंबरात हिशेबतपासणीचा पेपर सुटला. फेब्रुवारीत 'फार' पुन्हा दिला. या वेळी अभ्यास कमी तासांचा होता, पण प्रत्येक उदाहरणात आधी कागद वाचून गोष्ट काय घडली ते मराठीत एका वाक्यात लिहायची आणि मगच नोंदीकडे वळायची. "ट्रक निघाला तेव्हाच माल गिऱ्हाइकाचा झाला, म्हणून आपल्या शिलकेत नाही." अशी वाक्यं. त्र्याऐंशी गुण मिळाले. मेमध्ये रेग, ऑगस्टमध्ये बेक. शेवटचा निकाल बघितला तेव्हा मुलगी मांडीवर बसली होती. तिनं विचारलं, "आता पहाटे दिवा नाही लावायचा?" एवढा वेळ ती जागी असायची हे मला तेव्हा कळलं.

परीक्षा सुटली म्हणजे परवाना मिळाला असं नसतं. आधीच परवाना असलेल्या माणसाच्या हाताखाली वर्षभर काम करावं लागतं. ते झालं आणि २०१९ च्या शेवटाला परवाना आला. राज्याची मोहोर, माझं नाव, एक क्रमांक. भिंतीवर लावताना मी फार वेळ त्या कागदाकडे बघत होते. हा कागद हुशारीचं प्रमाणपत्र आहे असं इतके दिवस समजत होते. तो तसा नाही. अण्णा पगारी नोकर होते. त्यांच्या 'नाही'च्या मागे कुणी उभं नव्हतं. ना कायदा, ना संस्था. तीन दिवस ते एकटे होते आणि मागे चार माणसांचं घर होतं. मला मात्र कुणी म्हणालं, आकडा तसाच राहू दे, तर मी सांगू शकते की मला ते करता येत नाही, केलं तर परवाना जाईल. तपासणाऱ्यानं तपासल्या जाणाऱ्यापासून मोकळं असलं पाहिजे, नुसतं मनातून नव्हे, लोकांना दिसेल असं मोकळं, हा या पेशाचा पहिला धडा आहे. माझ्यापुरता परवान्याचा अर्थ तो: 'नाही' म्हणायला दिलेला आधार.

अर्थात आधार असूनही माणसं 'नाही' म्हणत नाहीत. एन्रॉनचं नाव आम्ही शाळकरी वयात दाभोळच्या प्रकल्पामुळे ऐकलेलं. ती कंपनी २००१ च्या डिसेंबरात बुडाली. तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही जगातल्या पाच सर्वांत मोठ्या फर्मांपैकी एक होती. पुढल्याच वर्षी तिचंही काम बंद पडलं. परवान्यांची तिथे कमतरता नव्हती. त्याच वर्षी, २००२ मध्ये, सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला, तपासनिसांवर देखरेख करणारं मंडळ नेमलं गेलं. परीक्षेत त्यावर प्रश्न असतात आणि आम्ही ते पाठ करतो. पण मालक समोर उभे आहेत, सोमवारी बँकेचे साहेब यायचे आहेत आणि हातात पेन आहे, त्या क्षणाला लागणारी गोष्ट कुठल्याच पेपरात विचारता येत नाही. ती घरातून यावी लागते. मला ती सतरंजीवर बसून मिळाली, फक्त मिळालेली कळायला उशीर झाला.

३१ डिसेंबर २०१९. वर्षाचा शेवटचा दिवस म्हणजे आमच्या हिशेबतपासणीच्या कामात माल मोजायचा दिवस. टर्नपाइकलगतच्या एका मोठ्या गोदामात मला पाठवलं होतं; माल म्हणजे नळकामाचे पितळी जोड. बाहेर गोठवणारा वारा, आत जेमतेम ऊब. खालच्या खणांतल्या पेट्या मोजून झाल्या, त्यातल्या काही उघडून झाल्या, यादीशी सगळं जुळत होतं. गोदामाचा माणूस चांगला होता, मदत करत होता. संध्याकाळी नव्या वर्षाच्या जेवणाला घरी पोचायची त्याला घाई होती, आणि ती मला दिसत होती. तरी मी चौथ्या खणावरच्या, भिंतीलगतच्या रांगेतल्या एका पेटीकडे बोट दाखवलं.

तो म्हणाला, "ती भरलेली आहे. या सगळ्या एकाच दिवशी आल्यात."

"असेल. पण मला ती बघायला हवी."

त्यानं फोर्कलिफ्ट आणली. पुढच्या दोन पेट्या खाली घेतल्या, मग ती. चिकटपट्टीवर धूळ होती, त्यानं चाकूनं ती कापली. झाकण उघडलं तर आत काठोकाठ पितळी कोपरे, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, दहा-दहाचे. मी वरची पिशवी बाजूला केली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळातली एक पिशवी वर काढली. थंडगार. तीही भरलेली.

"मी म्हणालो होतो ना," तो म्हणाला.

म्हणाला होता खरा. मी यादीत त्या पेटीचा क्रमांक शोधला, त्यापुढे 'उघडून पाहिले' असं लिहिलं, माझी आद्याक्षरं घातली आणि तारीख टाकली.